माझी तीन इंजिनं

मित्रांनो, माझ्या पोटात सध्या आहे ते तिसरं इंजिन. पहिलं जन्मापासूनचं होतं, ते जळालं. दुसरं फार जोरकस होतं, ते धडधाकट असतानाच काढलं. हे तिसरं मंद आहे, पण तक्रार करत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता पळण्याची हौस उरलेली नाही. मी एक जुनी, दोन दारांची छोटी गाडी आहे. माझा रंग लाल आहे असं कागदोपत्री लिहिलेलं असलं तरी टपाकडे बघून तुम्हाला ते पटणार नाही. डावीकडची काच अर्ध्यावर येऊन रुसते. दाराच्या बिजागऱ्या कण्हतात. दिवसभर एका जागी उभं राहिलं की जुनं सगळं आठवत राहतं, म्हणून सांगायला बसले.

कारखान्यात माझ्या मॉडेलच्या तीन प्रकारच्या गाड्या निघत. मधलं इंजिन आणि हातानं टाकायचे गिअर, ती मी. मोठं इंजिन आणि हातानं टाकायचे गिअर, ती माझी महागडी बहीण. आणि लहान इंजिन आणि आपोआप बदलणारे गिअर, ती तिसरी. तिला क्लच नव्हता. तिच्याकडे शोरूममध्ये कोणी वळूनही बघत नसे. या तिघी बहिणी तेवढ्या ध्यानात ठेवा, कारण पुढे माझ्या आयुष्यात जी काही उलथापालथ झाली ती माझ्या या दोन बहिणींमुळेच.

मला घ्यायला आलेल्या गृहस्थांचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून विचारायचे, "हे बरं दिसतं की हे?" गाडी घेतानाही त्यांनी तेच केलं. माझ्यात बसले, उतरले, शेजारच्या गाडीत बसले, पुन्हा माझ्यात येऊन बसले. शेवटी सेल्समन कंटाळला आणि मी त्यांच्या घरी आले. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. घरात माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती. त्या खिडकीत आई असत. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही तर सुरू होण्याआधीच संपते."

बाबांना एकच नाद होता. गावाबाहेर घाऊक बाजाराचं मोठं डांबरी पटांगण होतं. सुट्टीच्या दिवशी ते रिकामं असे. तिथे हौशी मंडळी जमून नारिंगी शंकू मांडत आणि त्यांच्यामधून एक वेडीवाकडी वाट आखत. एका वेळी एकच गाडी सोडायची, ती त्या वाटेनं किती लवकर फिरून येते ते घड्याळावर मोजायचं. शंकू पाडला की वेळेत दंड वाढायचा. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात. यात दुसऱ्या गाडीला मागे टाकणं वगैरे नसतं. आपण, शंकू आणि घड्याळ, बस्स.

माणसांच्या कुस्तीत जसे वजनाचे गट असतात तसे इथे गाड्यांचे गट होते. आम्ही घरगुती गाड्यांच्या गटात. तिथे गाडीत काय बदलायला परवानगी आहे आणि काय नाही, याचे नियम होते, आणि ते सगळे बाबांना तोंडपाठ होते. शर्यतीआधी सगळ्यांची बॉनेटं उघडून तपासण्याचं कामही त्यांच्याकडेच. मंडळी त्यांना कायदेपंडित म्हणत. एकदा त्यांनी स्वतःच्या जिवलग मित्राची गाडी परत पाठवली होती. मित्र वर्षभर बोलला नाही. बाबाही त्याला मनवायला गेले नाहीत.

लेक माझ्यावरच गाडी शिकली. ती दवाखान्यात नर्स होती. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे, तरी सुट्टीला पटांगणावर यायची. एकाच गाडीतून दोघं आळीपाळीनं शर्यतीत उतरत. बाबांचा हात हलका होता. ते मला वळणाआधी सावकाश तयार करायचे आणि मग सोडायचे. लेक मला शेवटच्या क्षणापर्यंत दामटायची आणि मग ब्रेकवर उभी राहायची. घरी येताना दोघांचं भांडण ठरलेलं.

"तू तिसऱ्या वळणाला उशिरा ब्रेक मारलास."

"आणि तुम्ही इतक्या लवकर मारलात की मधे एक झोप झाली असती."

खिडकीखाली पोचलो तरी ते संपलेलं नसे. आई आतून म्हणत, "दोघं आधी हात धुवा, मग भांडा."

अशी बरीच वर्षं गेली. मित्रांनो, लोकांना वाटतं गाडी एकदम बिघडते. तसं नसतं. मी आधीपासून सांगत होते. सकाळी सुरू होताना धूर यायचा, पाणी कमी व्हायचं, काटा वर चढायचा. दोघंही म्हणायचे, हा मोसम संपू दे, मग बघू. शेवटी एका फेरीत माझा पाण्याचा पाइप फुटला. लेकीचं लक्ष शंकूंवर होतं. तिनं पांढरी वाफ बघून मला थांबवलं तोवर आतलं सगळं चिकटून बसलं होतं. तो तापलेल्या लोखंडाचा वास माझ्या आतून अजून गेला नाही असं मला वाटतं.

टोचन लावून मला काकांच्या गॅरेजमध्ये नेलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. खांद्यावर कायम एक कळकट फडकं आणि तोंड कायम सुरू. त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "दादा, हे गेलं. पण काळजी करू नकोस. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं एक दणदणीत इंजिन पडलंय. थोडं इथे कापतो, थोडं तिथे जोडतो, बसतंय की नाही बघ."

"बसेल," बाबा म्हणाले. "मग आपल्याला खुल्या गटात जावं लागेल. तिथल्या गाड्या बघितल्यास का? त्या गाड्या नाहीत, चाकं लावलेल्या भट्ट्या आहेत. त्यांच्यासमोर आपण फक्त धूळ खायची."

"मग आपल्या गटात काय चालतं?"

"आपल्या मॉडेलमध्ये कारखान्यानं जे विकलं ते. आणि इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच. नवरा एका लग्नातला आणि बायको दुसऱ्या लग्नातली, असं चालत नाही."

म्हणजे माझ्या महागड्या बहिणीचं मोठं इंजिन चालणार होतं, तिच्याच गिअरबॉक्ससह. लेकीचे डोळे चमकले. भंगाराच्या आवारात मागून ठोकलेली तशी एक गाडी मिळाली. पाहुणा एकटा आला नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन आला. गिअरबॉक्स, एक्सल, मोठा रेडिएटर, पुढचे ब्रेक, पुढच्या स्प्रिंगा. काका साखळीच्या पुलीनं माझं पहिलं इंजिन वर उचलत होते तेव्हा माझं नाक एकदम हलकं होऊन वर आलं. इतक्या वर्षांचा सोबती कोपऱ्यात ट्रेमध्ये तेल गाळत बसला होता. मला कोणी काही विचारलं नाही. गाडीला विचारत नाहीत.

याच दिवसांत बाबा दुकानात पडले. वरच्या फळीवरून फ्रेमचा खोका काढताना स्टुल सरकलं. खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डाव्या पायाची शीर दुखावली ती दुखावलीच. त्या धावपळीत माझं काम अर्ध्यावरच राहिलं होतं. काठी टेकत ते गॅरेजमध्ये आले तेव्हा डावं पाऊल जमिनीवर घासत होतं.

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "दादा, अजून वेळ गेलेली नाही. ऑटोमॅटिकवाली जोडी बसवतो. लहान इंजिन, क्लच नाही. नियमातही बसतं, तूच सांगितलंयस. डॉक्टर काय म्हणाले तुला?"

"उजवा पाय ठणठणीत आहे म्हणाले. बिनक्लचची गाडी चालवायला हरकत नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं. त्या इंजिनात जीव नाही. पोरगी कायमची शेवटून पहिली येईल. तिचे जिंकायचे दिवस आहेत. मोठंच बसव." मग जाता जाता म्हणाले, "आणि तिला यातलं काही बोलू नकोस."

लेकीला त्यांनी सांगितलं की आता गाडी चालवायची इच्छाच राहिली नाही, उभं राहून बघण्यातच मजा येते. दोन पाळ्यांच्या मधे धावतपळत आलेली ती, तिला ते खरं वाटलं. की तिलाही ते खरं वाटायला हवं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या इंजिनाबरोबर मी जे पळाले ते तुम्हाला काय सांगू. पायाखालचं डांबर मागे ओढलं जाई. पण नाक जड झालं होतं. वळणावर माझे पुढचे टायर किंचाळत आणि दोन महिन्यांत गोटे होत. आम्ही जिंकू लागलो. लोक येऊन माझ्या बॉनेटवर थाप मारत. आयुष्यात एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होते आणि रोज संध्याकाळी माझा सांधा न् सांधा ठणकत होता. बाबा लांबच्या वळणावर झेंडा घेऊन उभे राहत. शंकू पडला की काठी टेकत जाऊन तो सरळ करत. मोसमाच्या शेवटी लेकीला करंडक मिळाला.

त्या दिवशी घरी येताना करंडक मागच्या सीटवर लोळत होता आणि गाडीत कोणी बोलत नव्हतं. लेक मधेच म्हणाली, "चौथ्या वळणाला मी जरा उशीरच केला, नाही?"

बाबा बाहेर बघत म्हणाले, "असेल. मला बाहेरून काय कळणार?"

एवढंच बोलणं. बाकी रस्ताभर इंजिनाचाच आवाज.

लेक कामावर गेली की दुपारी बाबा माझं दार उघडून आत बसत. दोन्ही हातांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवत आणि दाबत. पाय घसरून खाली पडे. पुन्हा उचलून ठेवत. मग तो नाद सोडून, नुसतं स्टिअरिंग धरून, डोळे मिटून ते हात वळवत राहत. पटांगणातली एकेक वळणं ते मनात घेत होते हे मला कळत होतं, कारण प्रत्येक वळण माझ्याही ओळखीचं होतं. आई खिडकीतून बघत. नेहमी दहा गोष्टी सुनावणाऱ्या आई तेव्हा भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ देत नसत.

एके दिवशी लेक आईंना बाजारात घेऊन चालली होती. सिग्नलला आई म्हणाल्या, "तुझ्या बाबांची इच्छा गेलीय ना गाडीवरची?"

"तेच म्हणाले."

"रोज दुपारी तासभर हिच्यात बसतात. पाय उचलून उचलून ठेवतात. मी काही बघितलं नाही असं त्यांना वाटतं." सिग्नल हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. लेकीनं मला पुढे नेलं नाही.

बाजाराऐवजी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. काकांना फार खोदून विचारावं लागलं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट एवढे दिवस राहिली हेच नवल. सगळं ओकून झाल्यावर ते म्हणाले, "हे बघ पोरी, एक युक्ती सांगतो. मोठं इंजिन राहू दे. त्याला फक्त ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स लावतो. दादाला चालवता येईल आणि तूही जिंकशील. वरून ओळखू येत नाही."

"बॉनेट कोण उघडतं, काका?"

काका खांद्यावरच्या फडक्याला हात पुसू लागले.

"बाबाच ना? त्यांच्या गाडीला त्यांनीच डोळे झाकून पास करायचं? आणि ते करतील का?"

"नाही करणार."

"मग लहान इंजिन शोधा."

"पोरी, करंडक विसरावा लागेल. ते इंजिन म्हणजे..."

"मी एक मोसम जिंकून बघितलं," लेक म्हणाली. "घरी येताना भांडायला कोणी नसतं."

पुन्हा साखळीची पुली आली. पुन्हा नाक हलकं. मित्रांनो, निरोगी इंजिन काढताना जास्त दुखतं. त्याचा काही गुन्हा नव्हता. ते आमच्याच गटातल्या एका तरुण जोडप्याला दिलं. माझ्यात लहान इंजिन बसलं, क्लचचं पेडल निघालं आणि तिथे नुसती मोकळी जागा उरली.

मला खिडकीखाली आणून उभं केलं तेव्हा बाबांनी आत डोकावून बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंस तू?"

"जे नियमात बसतं ते."

"जिंकणारी गाडी मोडलीस. कोणाला विचारून?"

"तुम्ही कुठे मला विचारून ठरवलं होतंत?"

"मी तुझ्यासाठी केलं."

"मीही माझ्यासाठीच केलंय, बाबा. तुम्हाला नसेल चालवायची तर नका चालवू. मी हिच्यातून शेवटची येईन."

बाबा काठी आपटत आत गेले. बरेच दिवस ते माझ्याकडे न बघता बाहेर पडत. लेकीशीही जेवढ्यास तेवढं. नव्या मोसमातली पहिली शर्यत आली. लेकीनं दोघांची नावं दिली होती. त्या दिवशी आई पहिल्यांदाच पटांगणावर आल्या. छत्री घेऊन आल्या होत्या. बाबांची पाळी पुकारली तरी ते झेंडा धरून उभेच. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

आई पुढे झाल्या आणि त्यांनी बाबांच्या हातातला झेंडा काढून घेतला. "अहो, मी उन्हात किती वेळ उभी राहू? चालवायची तर चालवा, नाहीतर घरी चला."

बाबा आत बसले. डावा पाय बाजूला नीट ठेवला. आरसा सरळ केला, जो सरळच होता. मग आम्ही निघालो. मित्रांनो, माझ्यात तेव्हा जोर नव्हता. सरळ रस्त्यावर एखादी सायकलही आम्हाला हसली असती. पण प्रत्येक वळणाआधी तो हलका हात आला, मी तयार झाले आणि सुटले. जड नाक नव्हतं, टायर ओरडले नाहीत. एकही शंकू हलला नाही. थांबल्यावर बाबा उतरलेच नाहीत. हात स्टिअरिंगवर ठेवून बसले. लेक खिडकीशी येऊन वाकली तर म्हणाले, "सहाव्या वळणाला अजून थोडं जमलं असतं."

मग लेकीची पाळी. तिनं मला दामटलं, शेवटच्या क्षणी ब्रेक मारला आणि एक शंकू पाडला. निकाल लागला तेव्हा आमच्या गटात शेवटून पहिली लेक होती आणि शेवटून दुसरे बाबा. परतीच्या वाटेवर एवढं भांडण झालं की मागे बसलेल्या आई म्हणाल्या, "मला इथेच उतरवा, मी चालत येते."

त्यानंतरचे मोसम आम्ही असेच काढले. कधी शेवटचे, कधी शेवटून तिसरे. मी म्हातारी होत गेले. बाबाही. एका थंडीत ते झोपेतच गेले. मला ते सकाळी खिडकीतून येणाऱ्या आवाजांवरून कळलं.

मग मी उभीच राहिले. लेक पटांगणावर जाईनाशी झाली. कामावर जाताना ती फाटकातून पलीकडच्या बाजूनं निघून जाई, म्हणजे माझ्याजवळून जावं लागू नये. मी तिला दोष देत नाही. पण बॅटरी उतरली. टायर एका अंगानं बसले. वायपरखाली पाला साचून कुजला. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. उभं राहून जेवढा थकवा येतो तेवढा पळून येत नाही, हे मला तेव्हा समजलं. पळताना निदान कोणी तेल बघतं.

शेवटी एके दिवशी काका एका भंगारवाल्याला घेऊन आले. तो माझ्याभोवती फिरला, टायरला लाथ मारली, दार उघडून बंद केलं. लेक पायरीवर हाताची घडी घालून उभी होती. व्यवहार ठरतच आला होता, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"ती द्यायची नाही."

"आई, नुसती सडतेय गं ती. आता कोण चालवणार?"

"मी."

लेक खिडकीकडे बघतच राहिली. आई आयुष्यभर रिक्षानं, बसनं किंवा कोणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून फिरल्या होत्या.

"तू? या वयात?"

"क्लच नाही ना हिला? त्या क्लचपायीच मी तुझ्या बाबांजवळ शिकायचं सोडलं. तीन दिवसांत मला रडवलं होतं त्यांनी." आईंनी खिडकीतून हात बाहेर काढून काकांना सांगितलं, "भावजी, त्यांना चहाचं विचारा आणि रवाना करा. आणि हिला काय लागेल ते बघा."

काकांनी वायरी बदलल्या, तेल बदललं, टायर घातले. सुट्टीच्या दिवशी लेक आईंना घेऊन त्या रिकाम्या पटांगणात आली. बाबा गेल्यापासून ती तिथे पहिल्यांदाच येत होती. आईंनी सीट एवढी पुढे ओढली की स्टिअरिंग पोटाला लागत होतं. लेक शेजारी बसली. आईंनी मला हळूच सोडलं. आम्ही चालत्या माणसाच्या वेगानं एक मोठा गोल काढला आणि थांबलो. आईंनी पदराला हात पुसले.

"बरं जमलं?" त्यांनी विचारलं.

लेकीनं हँडब्रेक ओढला. मग ती म्हणाली, "ब्रेक जरा लवकर मारलास."

आईंनी तिच्याकडे बघितलं आणि दोघीही एकदम हसायला लागल्या. हसता हसता लेक रडली. आईंनी तिला रडू दिलं. मी इंजिन एकसारखं चालू ठेवलं. मला तेवढंच करता येतं.

मित्रांनो, माझं सांगून झालं. तुमच्याही दारात एखादी जुनी गाडी, एखादं यंत्र किंवा एखादं माणूस नुसतं उभं असेल. नवीन काही आणून जोडायची घाई करू नका. आधी आत काय शिल्लक आहे ते उघडून बघा. तेल घाला, हवा भरा, चार पावलं बरोबर न्या. आणि त्याला विचारा तरी. मला कोणी विचारलं नाही, याचं दुःख आता जुनं झालंय, पण गेलेलं नाही.

आता मला जरा पडू द्या. आईंना आता लायसन्स मिळालंय आणि उद्या त्यांना बहिणीकडे जायचंय, नदीपलीकडे. लेक कामावर असेल. पुलाला चढ आहे आणि हे इंजिन तिथे धापा टाकेल. आई म्हणाल्यात, सावकाश जाऊ.